समुद्रकाठी वाळवंट कसं?

प्रश्न : पेरूची राजधानी लिमा उष्ण कटिबंधात, तीही समुद्राला लागून. तरी तिथे पाऊस नाही, असं कसं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हा प्रश्न कोकणातल्या माणसालाच पडणार! कटिबंध नुसते अक्षांशांवरून पाठ केले की असा घोटाळा होतो. शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा मी म्हणूनच मुलांना आधी समुद्रप्रवाह बघायला लावायचो. लिमाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो. त्यामुळे खालची हवा गार, वरची उबदार, नेहमीच्या उलट. गार हवा जड, ती वर चढत नाही. मग पाऊस देणारे उंच ढग बनणार कुठून? पूर्वेकडून ॲमेझॉनची ओल येते, ती अँडीज पर्वत अडवतो. मुंबईत वर्षाला २०० सेंटीमीटरच्या वर पाऊस. लिमात दोन-तीनही धड नाही. आणि गंमत बघा, हवा मात्र दमट! जून ते ऑक्टोबर आभाळ राखाडी, 'गारुआ' नावाचं धुकं भुरभुरत असतं. शहराभोवतीच्या टेकड्यांवर काही ठिकाणी लोक जाळ्या उभारून त्या धुक्याचं पाणी धरतात. किनाऱ्याजवळचा समुद्र तापला की मात्र सगळं फिरतं: मार्च २०१७ मध्ये याच कोरड्या पट्ट्यात पुरांनी हाहाकार केला.