मूठ हलतेय म्हणून टाकून देऊ नका

प्रश्न : सासूबाईंच्या ट्रंकेत जुन्या सुऱ्या-काट्यांचा सेट सापडला, पांढऱ्या चिनीमातीच्या मुठी, त्यावर निळी फुलं. दोन सुऱ्यांच्या मुठी हलतात आणि पात्यांना गंज चढलाय. इथल्या महाराज बाडा चौकाजवळचा एक दुकानदार म्हणतो हा जर्मनीच्या माइसन या चिनीमातीच्या कारखान्याचा माल आहे, पण मुठी खराब, म्हणून किलोच्या भावाने देऊन टाका. काय करू?
— एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, आधी त्या दुकानदाराला नाही म्हणा! माल माइसनचा असेल तर तो किलोने कशाला मागतोय?

आता मूठ का हलते ते सांगते. ही मूठ आतून पोकळ असते, पात्याचं निमुळतं शेपूट त्यात घालून वितळलेली राळ ओततात आणि ती थंड झाली की सगळं घट्ट बसतं, म्हणजे कधीतरी कुणीतरी ह्या सुऱ्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या असणार, राळ मऊ झाली आणि पकड सुटली. मूठ फुटलेली नाही, फक्त सुटलीये, आणि राळ पुन्हा भरता येते. फेविक्विक मात्र चुकूनही लावू नका, पुढच्या वेळी पातं निघतच नाही. माझ्याकडच्या एका सुरीचं असंच झालंय, अजून जीव हळहळतो.

खरी काळजी गंजाची. आतलं शेपूट गंजून फुगतं आणि चिनीमाती आतून तडकवतं, म्हणून पातं जिथे मुठीत शिरतं तिथे भिंगाने बघा, केसासारखी रेघ दिसली तर ती सुरी वापरू नका, नुसती जपा. बाकीच्यांना कोरड्या कापडाने पुसून मशीनच्या तेलाचा हलका हात द्या, ओल्या बोटांनी धरू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

माइसनचं म्हणाल तर कारखाना 1710 चा, ड्रेस्डेनजवळचा, त्यांचं निळं 'कांदा' डिझाइन इतकं चाललं की जर्मनीतल्या कितीतरी कारखान्यांनी तेच काढलं (त्यात कांदा नाहीच हो, चिनी भांड्यांवरची डाळिंबं आणि पीच होते, लोकांना कांदे वाटले). त्यामुळे निळी फुलं दिसली म्हणजे माइसन असं होत नाही, आणि माइसनच्या एकमेकांवरून गेलेल्या दोन तलवारींच्या खुणेचीही भरपूर नक्कल झालीये. मी आधी पातं बघते. त्यावर 'स्टेनलेस' कोरलेलं असेल तर ते पातं 1913 नंतरचंच, कारण हे न गंजणारं पोलाद इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्लींनी त्या साली केलं. तुमच्या पात्यांना गंज चढलाय म्हणजे साधं पोलाद, ही जुनेपणाची चांगली खूण, पण जुन्या मुठीत नवं पातं आणि नव्या मुठीत जुनं पातं दोन्ही सर्रास बसवतात, म्हणून सगळ्या सुऱ्यांची पाती एकसारखी आहेत का ते ओळीने मांडून बघा. निळा रंगही भिंगाखाली बघा, बारीक ठिपकेच ठिपके दिसले तर छापलेलं, ब्रशचे फटकारे दिसले तर हाताने रंगवलेलं.

दोन्ही हलत्या सुऱ्या वेगवेगळ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, मुठी एकमेकींवर आपटू देऊ नका.