कोथरूडमधला स्वस्त वन बीएचके, टोकन दिलंय आणि मालक म्हणतो नोटरीच करू

तुमचा मेसेज वाचला. सोळा हजारात कोथरूडला वन बीएचके, वर पन्नास हजार डिपॉझिट, दहा हजार टोकन ब्रोकरला जीपेवर देऊन झालंय आणि आता मालक म्हणतोय डिपॉझिट कॅश द्या, करार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेऊ, अकरा महिन्यांचाच आहे त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही.

तर ताई, लागतं! अकरा महिन्यांचं हे पिल्लू केंद्राच्या रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टमधून आलंय, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच रजिस्ट्रेशनची सक्ती आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याचं कलम ५५ म्हणतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर फक्त वापरायला देण्याचा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, म्हणजे नोटरीचा हट्ट खरंतर मालकालाच महागात पडू शकतो, हे त्यांना गोड शब्दात सांगा.

खर्चाचं म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवरचं थोडं व्याज धरून तुमच्या केसमध्ये साडेचारशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे वेगळे. निम्मे निम्मे करा असं म्हणून बघा. बऱ्याचदा खरी अडचण या खर्चाची नसतेच, मालकाला भाड्याचं उत्पन्न टॅक्सला दाखवायचं नसतं. जुन्या टॅक्स रिजीममध्ये एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसवलत) घेत असाल तर वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, हे आत्ताच बोलून घ्या, मार्चमध्ये नको.

डिपॉझिट कॅशमध्ये अजिबात देऊ नका, बँकेतूनच, आणि करारात ती रक्कम लिहून घ्या. किल्ली परत दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत, रंगाचे किती कापणार, नोटीस एक महिना, लॉक-इन (म्हणजे मध्येच घर सोडता येत नाही तो काळ) किती, हे सगळं सही करण्याआधी वाचा, एजंटचा छापील मसुदा बहुतेक मालकाच्या बाजूचाच असतो.

टोकनचं, ब्रोकरला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की रजिस्टर्ड करार होत नसेल तर व्यवहार पुढे जाणार नाही, दहा हजार परत करा. फोनवर बोलू नका, लेखीच ठेवा. जीपेचा स्क्रीनशॉट आणि आधीचं सगळं चॅट जपून ठेवा. आठवडाभरात दिले नाहीत तर वकिलाची नोटीस पाठवता येईल. दहा हजारासाठी कोर्टाची पायरी चढा असं मी म्हणणार नाही, पण नोटिशीवर बरेच ब्रोकर पैसे देऊन मोकळे होतात.