कॅथलिकांची संख्या वाढते आहे, मग फादर कमी का होत आहेत?

युरोपातील चर्च ओस पडल्याच्या बातम्या येतात आणि व्हॅटिकन मात्र कॅथलिकांची संख्या वाढल्याचे सांगते, यांपैकी खरे काय, आणि ‘पाळक’ म्हणजे फादर कमी का होत आहेत, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले, म्हणून मोजणी कशाची होते, तेथूनच सुरुवात करतो. व्हॅटिकनच्या आकडेवारीत कॅथलिक म्हणजे बाप्तिस्मा झालेली व्यक्ती; ती रविवारच्या मिस्साला (चर्चमधील सामूहिक उपासनेला) जाते की नाही, हे त्यात पाहिले जात नाही. आमच्या पेठेतल्या तालमीच्या वहीतही नावे पुष्कळ असतात, पहाटे लाल मातीत उतरणारे मोजकेच.

२०२२ मध्ये जगात सुमारे १३९ कोटी कॅथलिक होते, ते २०२३ मध्ये १४० कोटी ६० लाख झाले. या वाढीतला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या आफ्रिकेचा असून त्यामागे तेथील लोकसंख्यावाढ हे मोठे कारण आहे. युरोपात संख्या जवळजवळ स्थिर आहे. जर्मनीत चर्चचा कर प्राप्तिकराबरोबर वसूल होत असल्यामुळे सभासदत्व सोडण्याची रीतसर नोंद होते, आणि २०२२ या एका वर्षात तेथे ५ लाख २२ हजारांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च सोडले.

फादरांचा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा, हिशेब वेगळा आहे. १९७० मध्ये सुमारे ६५ कोटी कॅथलिकांमागे ४ लाख २० हजारांच्या आसपास धर्मगुरू होते; २०२३ मध्ये कॅथलिक दुपटीहून अधिक, पण धर्मगुरू ४ लाख ६ हजार ९९६. म्हणजे एका फादरामागे पूर्वी साधारण दीड हजार माणसे होती, आता जवळजवळ साडेतीन हजार आहेत. शिवाय ही वाटणी विषम आहे, आणि मला हीच बाब अधिक विचार करण्याजोगी वाटते: युरोपात जगातील जेमतेम एक पंचमांश कॅथलिक आहेत, परंतु धर्मगुरू सुमारे ३८ टक्के. तरीही केरळातून आणि आफ्रिकेतून फादर युरोपात पाठवले जातात, कारण युरोपातील धर्मगुरू वृद्ध होत चालले आहेत आणि त्यांच्या जागी येणारे तरुण फारच थोडे आहेत.

आपल्या प्रश्नात ‘पाळक’ आणि ‘फादर’ एकच धरले गेले आहेत, म्हणून एक खुलासा करतो. कोल्हापुरात १८५२ मध्ये वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने सुरू केलेले अमेरिकन मिशन प्रोटेस्टंट होते. त्या परंपरेतील पाळक विवाह करतात आणि त्यांची गणना वरील आकड्यांत होत नाही. आपल्या जिल्ह्यातील कॅथलिक मंडळी २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतील क्षेत्रात) मोडतात.

सिस्टरांची, म्हणजे कॅथलिक संन्यासिनींची, घट मात्र फादरांहून कितीतरी मोठी आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. १९७० च्या सुमारास त्या दहा लाखांच्या घरात होत्या. २०२३ मध्ये ५ लाख ८९ हजार उरल्या.