व्हिंटेज म्हणजे जुनी नव्हे, सुगीची

एका वाचक भगिनींची विचारणा आली आहे. त्यांचा भाऊ फ्रान्सहून, बोर्दो भागातल्या पोयाक गावच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला, दोन्हींवर साल २०१६. घरातल्या जाणत्यांनी निकाल दिला की ही काही व्हिंटेज नव्हे, व्हिंटेज म्हणजे कशी चाळीस-पन्नास वर्षं जुनी हवी. एक बाटली उघडली, ती सगळ्यांना कडू लागली. दुसरी ठेवून दिली आहे. आता त्यांचे प्रश्न असे: 'व्हिंटेज'ला मराठीत 'जुनी' म्हटलं तर चालेल का? आणि ठेवलेली वाइन 'परिपक्व' होते की 'मुरते'?

'जुनी' चालणार नाही. तुमच्या भावाची बाटली व्हिंटेजच आहे. तिच्यावर साल आहे, एवढं पुरे.

आजीची नऊवारी व्हिंटेज, माळ्यावरचा रेडिओ व्हिंटेज, पिवळा पडलेला फोटो व्हिंटेज, हे रोज कानावर पडतं आणि दर वेळी जीव कळवळतो. आपल्याकडे हा अर्थ जुन्या मोटारींच्या मिरवणुकांबरोबर आला असावा. कपड्यांपुरता तो राहिला तर राहो, इंग्रजी कोशांनीही तो दिलाच आहे. पण वाइनच्या बाटलीवर तो लावला की सरळ चूक होते. बोजोले नूव्हो ही फ्रेंच वाइन घ्या. द्राक्षं तोडल्यापासून दोन-अडीच महिन्यांत, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती विक्रीला येते. बाटलीवर त्याच वर्षाचं साल असतं. म्हणजे ती दोन महिन्यांची व्हिंटेज वाइन झाली. उलट बहुतेक शँपेन अनेक वर्षांच्या वाइन एकत्र करून बनते. तिच्यावर साल नसतं, आणि तळघरात वीस वर्षं पडून राहिली तरी ती व्हिंटेज होत नाही. वयाचा इथे संबंधच नाही.

संबंध आहे तो काढणीचा. लॅटिनमध्ये 'विनुम' म्हणजे वाइन (वेलीवरच्या द्राक्षांनाही हाच शब्द लावत) आणि 'देमेरे' म्हणजे काढून घेणे. दोन्ही मिळून 'विन्देमिया', म्हणजे शब्दशः द्राक्षकाढणी. त्याचं जुन्या फ्रेंचमधलं रूप इंग्लंडात गेलं आणि तिथे वाइनच्या व्यापाऱ्याला जो 'व्हिंटनर' शब्द होता त्याच्या संगतीने त्याचा 'व्हिंटेज' झाला. फ्रेंचांकडे आजही काढणीला 'व्हांदांज' म्हणतात. क्रांतीनंतर त्यांनी नवी कालगणना केली तेव्हा वर्षाचा पहिला महिनाच या काढणीच्या नावाने ठेवला, 'व्हांदेमिएर'. तो २२ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. या महिन्याच्या तेराव्या दिवशी, म्हणजे ५ ऑक्टोबर १७९५ ला, नेपोलियनने पॅरिसच्या रस्त्यात राजनिष्ठांच्या बंडावर तोफा चालवल्या. इतिहासाच्या पुस्तकांत ती घटना काढणीच्या महिन्यानेच ओळखली जाते.

आणि आकाशात बघा. कन्या राशीत 'विन्देमियाट्रिक्स' नावाचा तारा आहे, म्हणजे द्राक्षं तोडणारी बाई. पहाटे सूर्याआधी तो दिसू लागला की तोडणीचे दिवस आले असं मानत. आपला शेतकरी मृगावर पेरतो आणि हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याच जातीचं हे ज्ञान आहे. बोर्दोची काढणीही साधारण आपल्या हस्त-चित्रांतच येते.

आता मराठी शब्द. कोणी 'उत्पादन वर्ष' सुचवतं. तो शब्द कुकरच्या बुडाला शोभतो, द्राक्षाला नाही. कोणी 'हंगाम' म्हणतं, पण हंगाम लग्नांचा असतो आणि परीक्षांचाही. आपल्याकडे नेमका शब्द आहे 'सुगी'. सुगी म्हणजे पीक हाती येण्याचा काळ, हाती आलेलं पीक आणि त्यामुळे आलेले बरे दिवस, सगळं एकात. बाटलीवरचं २०१६ म्हणजे २०१६ ची सुगी. याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

हा शब्द कन्नडच्या 'सुग्गी'शी जुळतो, हे सीमाभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिकडे संक्रांतीलाच सुग्गीचा सण म्हणतात. इथे माझं एक जुनं भांडण आहे. संक्रांतीचं सुगड, म्हणजे ओला हरभरा, ऊस, बोरं, गाजर, गव्हाच्या लोंब्या भरलेलं मातीचं मडकं, ते 'सुघट'वरून आलं असं सगळे सांगतात. चांगला घट म्हणजे सुघट, त्याचा सुगड. ऐकायला ठीक आहे. पण मग 'घ' गेला कुठे? घटाचा 'घडा' झाला तेव्हा मराठीने तो 'घ' जपला, सुगडातच का टाकला? आणि चांगला घट म्हणजे कोणता? त्या मडक्यात सगळा नव्या पिकाचाच माल असतो. ते सुगीचं मडकं आहे. माझ्या मते सुगडात सुगी आहे आणि घटाची जोड मागाहून, संस्कृतची हौस असणाऱ्यांनी लावली. संक्रांतीला सुगडाला हळदीकुंकू लावणाऱ्या बायकांना 'यात काय भरायचं' असं विचारा. त्या पिकांची नावं सांगतील. शब्दाचा उगम शोधताना वस्तूत काय आहे ते आधी बघावं, हे कोशकारांनी का सोडून दिलं मला कळत नाही.

असो, बाटलीकडे येतो. बाटलीवरच्या सालाला फ्रेंच लोक 'मिलेझीम' म्हणतात. मूळ अर्थ हजारावा, आणि शब्द नाण्यावर कोरलेल्या सालासाठी होता. बोर्दोत त्या सालाला वजन आहे, कारण अटलांटिक जवळ, हवा लहरी, आणि काबर्ने सोव्हिन्यों हे पोयाककडचं मुख्य द्राक्ष उशिरा पिकतं. सप्टेंबरात पाऊस कोसळला की वर्ष गेलं. १९५६ च्या फेब्रुवारीत थंडीने वेलीच्या वेली मारल्या. १९६१ ला पीक अगदी थोडं आलं पण अप्रतिम. १९८२ ची सुगी आजही नाव काढून सांगतात, २०१३ ची कोणी फारशी सांगत नाही. तुमचं २०१६ चांगल्यांपैकी आहे. आपल्या नाशिककडे फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरात होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे साल तेच असलं तरी दोन्हीकडच्या सुग्यांत सहा-आठ महिन्यांचं अंतर पडतं.

'परिपक्व' की 'मुरलेली'? मुरलेली. पिकतं ते द्राक्ष, वेलीवर. बाटलीत जाऊन मुरते ती वाइन. इंग्रजी एका 'मॅच्युअर'मध्ये दोन्ही कोंबते, मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, ते आपण एक का करायचे? शिवाय मुरणं म्हणजे नुसतं जुनं होणं नव्हे. लोणचं मुरतं तेव्हा मीठ, तेल, मसाला फोडीत उतरतो. वाइनमध्ये द्राक्षाच्या साली आणि बियांतून उतरलेला तुरट अंश, ज्याला टॅनिन म्हणतात, तो हळूहळू रंगद्रव्याशी आणि आपसांत जुळत जातो, जड होतो आणि तळाशी बसतो. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. ब्लॅककरंट या बारीक काळ्या फळासारखा वास मागे सरून देवदाराचा, तंबाखूच्या पानाचा वास पुढे येतो.

यातच तुमच्या उघडलेल्या बाटलीचं उत्तर आहे. ती कडू नव्हती, तुरट होती. कारलं कडू, आवळा तुरट. कडू जिभेला कळतं, तुरटाने हिरड्या आवळतात आणि तोंड कोरडं पडतं. कोवळ्या पोयाकचा तोच गुण आहे, आणि त्याच जोरावर ती वीस-तीस वर्षं टिकते. फ्रेंचमध्ये अशा वाइनला 'व्हँ द गार्द' म्हणतात, राखून ठेवायची वाइन.

दुसरी बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहील. जागा अंधारी हवी, तापमान १२ ते १४ अंश, आणि ते सतत वरखाली होता कामा नये. आपल्या घरांत माळ्यावर किंवा ओट्याखाली हे जमणार नाही, वाइनसाठीचं वेगळं कपाटच लागेल. उघडायच्या आदल्या दिवशी ती उभी करा आणि ओतताना शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. तळाशी बसलेला तो गाळ म्हणजे आज तुम्ही ज्याला कडू म्हणालात तोच तुरटपणा आहे.