छातीवरची गाठ आणि लग्नाची घाई

लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलीच्या अंगावरचा डाग तोवर जाईल का? कुणाचा भाजल्याचा असतो, कुणाचा टाक्यांचा, कुणाच्या कानात दुसरं भोक पाडल्यावर गाठ वाढलेली असते. त्यातल्या एका घरची हकिकत नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मनालीचं घर देवगडकडचं. वय 24, आंब्याच्या हंगामात पॅकिंगला जाते. छातीच्या मधोमध एक तांबूस, टणक गाठ, कडेने कुर्लीचे पाय फुटावेत तशी पसरलेली. सुरुवात साध्या मुरमापासून झाली होती. आईने हळद लावली, भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल चोळलं. मग मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून ट्यूब आणली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. गाठ तशीच राहिली, आजूबाजूची कातडी मात्र पातळ झाली. शेवटी एका दवाखान्यात गाठ कापून घेतली, तर ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली.

आईचा प्रश्न बिनतोड होता. “मॅडम, हिच्या हातार लहानपणी काजूचो डीक पडललो. तो डाग आपसूक गेलो. मग ह्यो कित्याक जाणा नाय?”

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण ती जखम वरवरची असली तर खालून नवी कातडी येते आणि काळेपणा हळूहळू निवळतो. जखम खोल गेली की शरीर ती कोलॅजेनच्या धाग्यांनी बुजवतं. असा व्रण सुरुवातीला लाल, कडक, थोडा उंच असतो आणि बसायला वर्ष-दीड वर्ष घेतो. म्हणून सिझेरियनचा व्रण तिसऱ्या महिन्यात पाहून हाय खाऊ नये. काही जणांत मात्र हे धागे गरजेपेक्षा जास्त तयार होतात. उंचवटा मूळ जखमेच्या हद्दीत राहिला तर तो हायपरट्रॉफिक व्रण, आणि तो बऱ्याचदा काळाबरोबर खाली बसतो. हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरला तर केलॉइड, आणि तो आपणहून सहसा जात नाही. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या वर्णात आणि तरुण वयात तो जास्त दिसतो, घराण्यातही चालत येतो.

हे ऐकता ऐकता आईने डाव्या हाताची बाही वर केली. क्षयाच्या लसीच्या जागी चांगली बोटाएवढी जाड, चकचकीत गाठ. “ही माका पयल्यापासून आसा,” म्हणाली. तिला कधी कुणी त्याबद्दल विचारलंच नव्हतं.

मनाली इतका वेळ गप्प होती. मी तिला विचारलं, तुला स्वतःला याचा काय त्रास होतो? ती म्हणाली, “खाज येता. रात्री झोप लागणा नाय. घाम इलो की आग होता.” आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं घरात त्या गाठीवर चर्चा चालली होती, पण सगळी पाहुण्यांच्या नजरेची. खाजेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी दिसण्याचं, दुखण्या-खाजण्याचं आणि लोकांचं वेगवेगळं बोलायला लावते. तिन्हींवर उपाय निराळे आहेत, आणि कुठून सुरुवात करायची हे ज्याच्या अंगावर व्रण आहे त्यानेच सांगायचं.

मनालीला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गाठीत ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली, दर चार ते सहा आठवड्यांनी एक. इंजेक्शन दुखतं, कधी तिथली कातडी पांढुरकी किंवा खोलगट होते, काहींची पाळी पुढेमागे होते. हे आधीच माहीत असलेलं बरं. जोडीला सिलिकॉनची पट्टी, रोज निदान 12 तास, काही महिने. कोकणच्या घामात ती पट्टी म्हणजे परीक्षाच. रोज धुऊन, कातडी पूर्ण कोरडी करून लावायची, पुरळ आलं तर थांबायचं. नुसतं कापून केलॉइड बहुतेकदा परततो. कापायचाच असेल तर लगेच पुढे इंजेक्शनं किंवा किरणोपचार जोडावे लागतात. मनालीच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं होतं.

सगळ्या व्रणांना हे लागू नाही. मुरमांच्या खड्ड्यांना सुयांचे उपचार किंवा लेझर असतो, तिथे हे इंजेक्शन खड्डा आणखी खोल करेल. भाजून सांधा आखडला असेल तर व्यायाम, दाबाचे कपडे आणि प्लास्टिक सर्जन, आणि तिथे दिसण्याआधी हात-मान हलण्याला महत्त्व. लग्नाला महिना उरला असताना लेझर करून घेऊ नका, असं मी कळकळीने सांगते. आपल्या वर्णावर त्याने काळे डाग उमटू शकतात आणि ते निवळायला महिने लागतात.

आईचा मूळ प्रश्न उरलाच होता: “पावण्यांका काय सांगूचा?” मी म्हटलं, मनालीला ठरवू द्या. तिने मुलाला फोनवर स्वतःच सांगितलं की ही गाठ आहे, औषध चालू आहे, ती सपाट होईल पण खूण राहील. त्याने विचारलं, दुखतं का? एवढंच.

चौथ्या इंजेक्शनपर्यंत खाज थांबली. गाठ बरीच बसली, रंग अजून गडद आहे. गरोदरपणात केलॉइड वाढू शकतो, म्हणून तसा विचार असेल तेव्हा आधी भेटा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. आणि अंगावर नवं भोक पाडायचं नाही, गोंदवायचंही नाही. मनालीचं नाक टोचलेलं नाही. आई सोनाराकडे गेली आणि दाबाची नथ करायला टाकून आली.