एका घरातली चार बदलापुरं

"मॅडम, बदलापूर सोडायचं की नाही, एवढंच सांगा. बाकी आमचं सगळं ठीक आहे."

खुर्चीत नीट बसण्याआधीच नवऱ्याने हे सांगून टाकलं आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर दोन रकाने होते. डावीकडे बदलापूर, उजवीकडे ठाणे. भाडं, कर्जाचा हप्ता, रेल्वेचा पास, मुलीचा क्लास, सगळं आकड्यांत. बायको खिडकीबाहेर बघत होती. तो कागद तिला एव्हाना पाठ झाला असावा.

माझी समुपदेशनाची खोली डोंबिवली पूर्वेला. हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतच असतो. विरारची माणसं आणतात, टिटवाळ्याची आणतात, पनवेलच्या पलीकडची आणतात. शब्द थोडेफार तेच: गर्दी वाढत चालली, पाणी पुरत नाही, पण घर आपलं आहे, थांबू की निघू? या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांचं काय झालं ते लिहिते आहे. मी स्वतः लग्नानंतर दादरहून डोंबिवलीला आले तेव्हा माहेरच्यांनी मला जवळजवळ परगावी दिल्यासारखा चेहरा केला होता. तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

त्यांची गोष्ट मुंबईतल्या हजारो घरांसारखी. वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात घर खचलं. लालबागची पागडीची खोली तेवढी कशीबशी राखली. २०११ मध्ये ती दिली आणि त्या पैशांत कर्जाची भर घालून बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, पहिल्या मजल्यावर वन बीएचके घेतला. आजींच्या लेखी त्या घराचं सगळ्यात मोठं वैभव म्हणजे घरातला संडास. चाळीत उभा जन्म काढलेल्या बाईच्या या आनंदाला कुणी हसू नये. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास. हे लोक आले ते त्या लाटेतच, आणि त्यानंतर आलेल्यांमुळे गर्दी झाली अशी त्यांची तक्रार होती. हे मी त्यांना हसतच सांगितलं. बायको पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

नवरा लोअर परळला एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. बायको बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये शाळेत शिकवते. मुलगी नववीत. त्याला ठाण्याला जायचं होतं, तिला नको होतं, आणि "आईंना तर इथून हलवणं शक्यच नाही, त्यांचं सगळं इथेच आहे," हे दोघांनाही मान्य होतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता माझी चूक. पहिल्या दोन भेटींत मी या भांडणाकडे नवरा-बायकोतली ओढाताण म्हणूनच पाहिलं. कोणाचं ऐकलं जातं, तिच्या नोकरीला घरात काय किंमत, त्याला गिरणगाव सुटल्याचं अजून दुःख आहे का, असे आमच्या धंद्यातले ठेवणीतले प्रश्न विचारले. दोघंही सभ्य. उत्तरं देत राहिले. तिसऱ्या भेटीत, शनिवारी सकाळी अकराला, बायको शाळेबद्दल बोलत असताना नवरा बसल्या जागी झोपला. मान कलंडली, हातातला कागद खाली पडला. मी त्याला हाक मारणार एवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. "राहू दे मॅडम. रविवारी पण असंच असतं." वीस मिनिटं आम्ही दोघी कुजबुजत बोललो. त्या वीस मिनिटांत मला आधीच्या दोन तासांपेक्षा जास्त कळलं.

माणूस थकलेला असतो आणि आपण त्याच्या मनाचे पदर उलगडत बसतो. कधी कधी गाडी म्हणजे फक्त गाडीच असते. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आणि त्यांवरूनच लोकल, मेल आणि मालगाड्या. एका इंजिनात बिघाड झाला की मागचं सगळं ठप्प. बदलापूरहूनच सुटणारी गाडी पकडली तर बसायला मिळेल म्हणावं, तर अंबरनाथहून उलटे येऊन बसलेले आधीच डब्यात. घरातून निघाल्यापासून टेबलापर्यंत त्याचे जायचे दोन तास, यायचे दोन. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर शहाण्णव तास होतात. म्हणजे महिन्यातले चार अख्खे दिवस-रात्र तो रुळांवर असतो. कागदावरच्या रकान्यांत पासाचे पैसे होते, हे चार दिवस कुठेच नव्हते.

मग मी त्यांना एक काम दिलं. घरातल्या चौघांनी पंधरा दिवस आपापली वही लिहायची. आज बदलापुरात मी कुठे होतो, काय बरं वाटलं, काय नको झालं, एवढंच. एकमेकांना दाखवायची नाही. आजी लिहायला कंटाळतील म्हणून नातीने त्या सांगतील तसं उतरवून घ्यायचं.

वह्या आल्या आणि माझ्या टेबलावर चार वेगळी गावं पडली.

नवऱ्याच्या वहीत उजेडच नव्हता. स्टेशन, पूल, रिक्षाची रांग, अंधार. "आज पाणी आलं होतं का माहीत नाही." बायकोच्या वहीत पूर्वेला जाणारा उड्डाणपूल, सवयीची भाजीवाली, जूनमधली जांभळं (बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, हे तिने शिक्षिकेच्या अभिमानाने अधोरेखित केलं होतं), आणि रोज पाण्याची वेळ: सव्वापाचला आलं, सहाला गेलं. बारवी धरण एवढं जवळ, पण ते औद्योगिक महामंडळाचं. त्याचं पाणी ठाण्याच्या पट्ट्याला जातं आणि बदलापूरला उल्हास नदीतून मिळतं ते पुरत नाही. धरण उशाला, कोरड घशाला. तरी तिची वही एकंदरीत सुखी माणसाची होती. तिची शाळा घरापासून वीस मिनिटांवर.

मुलीने पंधरा दिवसांत मिळून सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक: "दहावीनंतर मला पण बाबांसारखंच जावं लागणार ना?"

आणि आजींची वही. सकाळचा कट्टा, संध्याकाळचा हरिपाठ, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण. मध्येच नातीच्या अक्षरात एक ओळ होती: "पिशवी बघितली. कागद कोरडे आहेत."

कसली पिशवी, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या भेटीला मी आजींना बोलावलं. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या रात्री यांच्या इमारतीखालच्या सगळ्या मोटारसायकली बुडाल्या आणि पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत आलं. मुलगा कामावर अडकलेला, सून आणि नात गच्चीवर. आजींनी पायऱ्या मोजल्या होत्या. तेव्हापासून जून ते सप्टेंबर त्या उशाशी एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवून झोपतात. घराचे कागद, आधार कार्डं, औषधं आणि सुनेची पोत. पाऊस लागला की रात्री उठून जिन्यात जाऊन बघतात.

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?" नवरा जवळजवळ ओरडला.

"तू कर्ज काढून घेतलंस रे बाबा. त्याला नावं कशी ठेवू?"

जिच्यासाठी बदलापूर सोडायचं नव्हतं, तिलाच त्या घरात झोप लागत नव्हती.

इथून पुढे 'बदलापूर सोडायचं का' हा प्रश्न मी त्यांना विचारूच दिला नाही. आम्ही त्याचे तुकडे केले. घर ही एक गोष्ट, गाव दुसरी, गाडी तिसरी. आजींची अडचण घराची होती, गावाची नव्हे. हेंद्रेपाडा सखल आहे, नदीकाठचा आहे. पूररेषा दोन असतात: निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. घर घेताना सातबारा, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र याबरोबर या रेषाही नकाशावर बघायच्या असतात, हे त्यांना २०११ मध्ये ना बिल्डरने सांगितलं ना दलालाने. नवऱ्याची अडचण गाडीची. गावाशी त्याचं भांडण नव्हतं, कारण त्याने गाव धड पाहिलंच नव्हतं.

आणखी एक अट मी घातली. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, मेट्रो १४, डोंगराखालून येणारा वडोदऱ्याचा महामार्ग, हे सगळं कागदावरून खोडायचं. होईल तेव्हा होईल. बिल्डरच्या जाहिरातीत ते आजच झालेलं असतं आणि आपण हप्ता आजच भरत असतो. मुलगी आत्ता नववीत आहे, ती मार्गिकेसाठी थांबणार नाही.

उजव्या रकान्यातल्या ठाण्याचीही परीक्षा घ्यायचं ठरलं. मावसभावाचा घोडबंदर रोडला, कासारवडवलीला, सातव्या मजल्यावर फ्लॅट रिकामा होता. पावसाळ्याचे पाच आठवडे सगळ्यांनी तिथे राहून बघायचं. घर विकायचं नाही, मुलीची शाळा बदलायची नाही, कुणाला सांगायचंही नाही.

पहिल्याच सोमवारी कागदावरचं ठाणं आणि खरं ठाणं वेगळं निघालं. यांच्या ऐपतीचं ठाणं म्हणजे घोडबंदर, आणि तिथून ठाणे स्टेशनला पोचायलाच बसने पाऊण ते एक तास. दोन तासांचा प्रवास पावणेदोनवर आला. पंधरा मिनिटांसाठी भाडं सव्वीस हजार. उलट बायकोला आणि मुलीला सकाळची बदलापूरकडे जाणारी गाडी रिकामी मिळायची, खिडकीशी बसून दोघी गप्पा मारत जायच्या, हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. आजी शांत झोपायला लागल्या. पण सातव्या मजल्यावर सगळी दारं बंद. बोलायला माणूस नाही. आषाढी एकादशीला त्या सुनेबरोबर उठून बदलापूरला गेल्या, हरिपाठाला बसल्या आणि रात्री परत यायला तयार होईनात. शेजारणीकडे राहिल्या, तिसऱ्या मजल्यावर.

"तिसऱ्या मजल्यावर," हे बायकोने मला फोनवर दोनदा सांगितलं. माझ्या आधी तिच्या लक्षात आलं होतं.

राहिली गाडी. मी नवऱ्याला विचारलं, नऊ वर्षांत साहेबांकडे कधी काही मागितलंत? त्याने कधीच मागितलं नव्हतं. "आपल्यासारख्यांना कोण देतंय." हे वाक्य मला वडिलांच्या संपाच्या काळातलं वाटलं, ते मी बोलूनही दाखवलं, आणि या खेपेस ठेवणीतला प्रश्न कामी आला. बरेच दिवस तो घुटमळला. शेवटी त्याने आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं. साहेबांनी एक दिला, बुधवार, आणि बाकीचे दिवस साडेदहाला यायची मुभा. फार नाही. पण आता तो सकाळी थोड्या उशिराची गाडी घेतो आणि आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी घरात असतो. पहिल्या बुधवारी त्याने मला चंदेरीच्या डोंगराचा फोटो पाठवला, खाली एवढंच: "हा इथून दिसतो?"

ते आता कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर राहतात. मुलीच्या कॉलेजचं दहावीनंतर पुन्हा बघायचं ठरलंय. कदाचित तेव्हा खरंच निघावं लागेल. असं झालं तर ते निघतील, मला त्यात पराभव दिसत नाही. बायको खूश आहे, शाळा पायी सात मिनिटांवर आली. हेंद्रेपाड्याचं घर भाड्याने द्यायचं ठरलं, हप्त्याला हातभार म्हणून.

शेवटच्या भेटीत मी सहज विचारलं, त्या भाडेकरूला पाण्याचं सांगितलंत का? नवरा गप्प झाला. कागदाची घडी घालत बसला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "सांगतो."

आठवड्याने त्याचा फोन आला. त्याने त्या माणसाला जिन्यात नेऊन सहावी पायरी दाखवली होती. भाडेकरू म्हणाला, "मला माहीत आहे, मी इथलाच आहे. म्हणून तर म्हणतोय, भाडं दोन हजारांनी कमी करा."