आवडता बेसबॉल संघ हंगामाचा पहिलाच सामना जिंकला, तर त्या विजयाला किती महत्त्व द्यावे?

मी न्यूयॉर्क मेट्सचा चाहता आहे आणि या विषयात आमच्याइतके पोळलेले चाहते क्वचितच सापडतील, कारण पहिला सामना जिंकणे आमच्या संघाला जितके जमते तितके पुढचे जमत नाही. १९७५ ते १९८३ अशी सलग नऊ वर्षे मेट्सने सलामीचा सामना जिंकला. त्याच नऊ वर्षांपैकी १९७७, १९७८, १९७९, १९८२ आणि १९८३ या पाच हंगामांत संघ आपल्या गटात तळाला राहिला. याउलट १९६२ मध्ये स्थापना झाल्यापासून पहिली आठही वर्षे आम्ही सलामीलाच हरलो. त्यांतल्या आठव्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, आम्ही टॉम सीव्हरसारखा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) उतरवूनही माँट्रियल एक्स्पोज या अगदी नव्या संघाने आपल्या इतिहासातल्या पहिल्याच सामन्यात आम्हाला घरच्या मैदानावर ११-१० असे हरवले. त्याच मेट्सने पुढे १०० सामने जिंकले आणि ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सला नमवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिकाही जिंकली.

तेव्हा गुणतालिकेच्या दृष्टीने विचाराल, तर फारसे महत्त्व देऊ नये. हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि उत्तम संघही त्यांतले साठ-एक सामने हरतोच. त्यातून पहिल्या दिवशी संघाचा खरा कस लागत नाही, कारण त्या दिवशी बहुधा संघातला सर्वांत चांगला पिचर उतरतो आणि त्याच्या पाठीशी असलेले राखीव पिचर ताजेतवाने असतात. सुरुवात करणारे पिचर साधारण पाच असतात व ते आळीपाळीने खेळतात. त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या पिचरची पाळी येईपर्यंत आपला संघ किती पाण्यात आहे हे कळतच नाही.

हे सगळे मला ठाऊक होते, तरीही २९ मार्च २०१८ रोजी मी रजा टाकून सिटी फील्ड या मेट्सच्या मैदानावर गेलो. त्या वेळी बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते, त्यांनाही सोबत नेले. सबवेच्या सात नंबरच्या गाडीत निळ्या-नारिंगी टोप्यांची इतकी गर्दी होती की मैदानाजवळच्या विलेट्स पॉइंट स्थानकावर उतरावे लागले नाही, लोकांनीच आम्हाला उतरवले. सामना सेंट लुईस कार्डिनल्सशी होता. आमचा पिचर नोआ सिंडरगार्ड याने सहा डावांत दहा जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद केले, आणि आम्ही ९-४ असे जिंकलो. मी गुणपत्रकावर पेन्सिलीने एकेका स्ट्राइकआउटचे इंग्रजी के अक्षर काढत होतो. फलंदाज बॅट न फिरवताच बाद झाला, तर ते अक्षर उलटे काढतात, हे बाबांना फार आवडले आणि सातव्या डावापासून पेन्सिल त्यांनीच ताब्यात घेतली. परतताना मात्र त्यांनी विचारले, “अरे, अजून एकशे एकसष्ट सामने बाकी आहेत ना? मग एवढा जल्लोष कसला?”

मी त्यांना काहीतरी उत्साहाचे उत्तर दिले आणि पुढचे दोन आठवडे मीच बरोबर आहे असे वाटत होते, कारण पहिल्या १२ सामन्यांपैकी आम्ही ११ जिंकले. त्यानंतर सिंडरगार्डचे बोट दुखावले, सेस्पेडेस या आमच्या फलंदाजाच्या टाचांनी दगा दिला, जून महिन्यात ५ विजय आणि २१ पराभव पदरी पडले आणि हंगाम ७७-८५ असा संपला. आमचा पिचर जेकब डीग्रॉम याने त्या वर्षी दर नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १.७० धावा देऊन सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, पण त्याच्या नावावर विजय जेमतेम दहाच लागले. बाकीच्यांची साथ नसली की काय होते, हे त्यावरून समजावे.

म्हणून पहिल्या सामन्यातून काही शोधायचेच असेल, तर निकालापेक्षा पिचरकडे पाहावे: चेंडूचा वेग गेल्या वर्षीइतका आहे का, तो हवा तिथे टाकता येतो आहे का, आणि दुखापतीतून परतलेला खेळाडू मोकळेपणाने धावतो आहे का. आनंद मात्र पुरेपूर करावा. तो करायला गुणतालिकेची परवानगी लागत नाही, आणि पाच महिने बेसबॉलविना काढल्यावर तो काही उधळेपणा नव्हे.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, आम्ही सलामीला वॉशिंग्टन नॅशनल्सला त्यांच्याच मैदानावर २-० असे हरवले. डीग्रॉमने त्यांच्या शेर्झर या पिचरवर मात केली, याचे कौतुक मी बाबांना फोनवर अर्धा तास ऐकवले होते. ऑक्टोबर संपता संपता त्यांचा फोन आला.

“वर्ल्ड सिरीज वॉशिंग्टनने जिंकली म्हणे. पहिल्या दिवशी तुम्ही हरवलेत, तेच का हे?”

“तेच,” मी म्हणालो.